बिजेचं पाणी

ऑक्टोबर संपत आला की झाशीची हवा इतकी चांगली होते की मला तिचा संशय येतो. आंधीचे दिवस मागे पडलेले असतात, पावसाची ओल सुकलेली असते, थंडी अजून आलेली नसते. खंडेराव गेटपाशी पणत्यांचे ढीग लागतात, हातगाड्यांवर ओले शिंगाडे येतात, खील-बताशांच्या, म्हणजे लाह्या-बत्ताशांच्या टोपल्या दिवसभर उघड्या राहिल्या तरी त्यांच्यावर धुळीचा कण बसत नाही. गच्चीत लावलेली पणती सरळ जळते. शेजारचे तिवारीजी कठड्यावरून म्हणतात, क्या मौसम है, भैया. मी हो म्हणतो आणि घरात येऊन भिंतीवरचा हवेच्या दाबाचा काटा बघतो.

या काट्याची आमच्या घरात चेष्टा होते. समुद्र इथून किती लांब आहे ते एकदा सांगा, म्हणजे मी निर्धास्त होईन, असं बायको म्हणते. मी सांगतो, सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास. मग हे काट्यालाही सांगा, असं म्हणून ती करंज्या तळायला जाते. झाशीच्या काट्यावरून कोकणचा वारा कळत नाही हे मलाही ठाऊक आहे. तरी दिवाळीच्या दिवसांत मी तो तासातासाला बघतो, आकाशवाणीच्या बातम्या ऐकतो, मोबाइलवर येणारे पिवळे, नारिंगी, लाल इशारे वाचतो, आणि मग शैलाला फोन करतो. ती म्हणते, सगळं ठीक आहे. या वाक्यावर मी फारसा विसंबत नाही. ज्याचं बिघडलेलं असतं तोच ते सगळ्यात लवकर म्हणतो.

शैला माझी धाकटी बहीण. आमचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कारभाराच्या निमित्ताने तिकडून इकडे आले आणि परत गेले नाहीत. शैला परत गेली. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी एका गावात तिला दिलं. तिथल्या बायकांना तिची भाषा ऐकून मौज वाटायची. तिच्या मराठीत मधूनच हिंदी यायचं, बाजारातल्या प्रत्येकाला ती भैया म्हणायची. खाडीत तर चालवणारा, म्हणजे माणसं होडीतून पलीकडे पोचवणारा धाकू तिच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा. त्याला ती धाकूभैया म्हणायची, आणि सगळी होडी हसायची. धाकू हसायचा नाही. तो वल्हं खाली ठेवून तिला हात देऊन उतरवायचा.

ज्या दिवाळीमुळे मी असा झालो, तेव्हा तिच्या लग्नाला नऊ महिने झाले होते आणि तिला सातवा लागला होता. डॉक्टरांनी आगगाडीचा प्रवास बंद केला होता, म्हणून दिवाळसणाला ती झाशीला आली नाही. भाऊबिजेला मीच गेलो. मेहुणे कामावर पनवेलला अडकले होते, सासू-सासरे पूर्वीच गेलेले. खाडीकाठच्या त्या कौलारू घरात पाडव्याला आम्ही दोघेच होतो, दोघेही झाशीचे.

पाऊस तीन दिवस पडत होता. परतीचा पाऊस म्हणून इतका पडतो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. नदीचं पाणी जांभ्याची माती घेऊन खाडीत उतरत होतं आणि खाडी लाल झाली होती. घरापासून धक्क्यापर्यंत जी पाखाडी, म्हणजे दगडी फरसबंदीची वाट जाते, तिच्या खालच्या टोकाला संध्याकाळी घोटाभर पाणी होतं. रेडिओवर सांगत होते की समुद्रात वादळ आहे, ते उत्तरेकडे सरकत आहे, मच्छीमारांनी जाऊ नये. मी नकाशा काढून पाहिलं. उत्तरेकडे म्हणजे आमच्यापासून दूर.

दिवेलागणीला धाकू आला. डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत लाल. ओट्यावर न चढता खालूनच म्हणाला की ताईला आत्ताच वरच्या शाळेत न्या. शाळा मागच्या डोंगरावर, माथ्यावरच्या सपाट सड्यावर आहे. गावातली चार-पाच घरं गेलीसुद्धा होती. आणि जाताना घराची किल्ली माझ्याकडं ठेवा, असंही म्हणाला.

मला ती किल्ली खटकली. दुपारीच चहा पिताना शैलाने सांगितलं होतं की धाकूची आणि आपली वाडी लागून आहे, मधल्या बांधावरून सासऱ्यांच्या वेळेपासून वाद आहे, दोन माड कोणाचे ते ठरत नाही. ज्याचा बांधावर डोळा आहे तो माणूस घरधनी नसताना बाईमाणसाला घर सोडायला सांगतो आणि वर किल्ली मागतो, हे मी मनात एकाखाली एक मांडलं आणि बेरीज केली. मी त्याला विचारलं, रेडिओ तर वादळ दूर चाललंय म्हणतो, तुम्ही कशाच्या आधारावर सांगता?

तो म्हणाला, "आधार कसला? उद्या बीज हाय."

मी म्हणालो, ते मला माहीत आहे, मी बिजेसाठीच आलोय.

तो शैलाकडे वळून, बघा ताई, एवढंच म्हणून पावसात गेला. शैलाने पिशवी भरून ठेवलेली मी तेव्हा पाहिली. दाराशेजारी, खुंटीखाली, बांधून. मी तिला म्हणालो की या अवस्थेत तुला अंधारात डोंगर चढवणार नाही. सकाळी पाणी मोजतो, मग ठरवू. तिने पिशवी उचलून परत आत नेली.

मोजणं हा माझा धंदा आहे, हे इथे सांगायला हवं. मी सिंचाई खात्यात आहे. नोकरी लागल्यावर पहिला पावसाळा मी एरचला काढला होता, बेतवेच्या काठी. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि वर कळवायचे. चार महिने रोज. बेतवेने मला एक गोष्ट शिकवली होती. पाणी वरून येतं. वर पाऊस झाला, धरणाची दारं उघडली, की काही तासांनी ते खाली येतं, चढतं, थांबतं आणि उतरतं. एकदा उतरायला लागलं की वरून नवं पाणी सुटल्याशिवाय ते परत चढत नाही. एरचची माणसं पुरात नेहमी नदीच्या वरच्या अंगाला बघत उभी राहतात. त्या सकाळी मीही तसाच उभा होतो, खाडीच्या वरच्या अंगाला तोंड करून. समुद्र माझ्या पाठीमागे होता.

पहाटे पाऊस थांबला होता. शैलाने वाळत घालायची लांब काठी दिली, सुंभ दिला. मी कोळशाने इंचाइंचावर खुणा केल्या आणि पाखाडीच्या टोकाच्या पोफळीला काठी बांधली. सव्वापाचला एकोणीस इंच. पावणेसहाला सतरा. सव्वासहाला साडेचौदा. पावणेसातला तेरा. सव्वासातला साडेबारा. दोन तासांत साडेसहा इंच उतरलं. मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही शैलाला दाखवली.

तिने वही हातात घेतली. बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाली, इथे पाणी रोज जातं आणि येतं, दादा.

मी तिला समजावून सांगितलं. ते खाडीचं खारं पाणी. हे पुराचं आहे. मी चाखून पाहिलंय, गोडं आहे. भरती-ओहोटी समुद्राच्या पाण्याला, हे डोंगरावरून आलेलं. वर पाऊस थांबलाय, आता हे उतरतच जाणार. भरतीचं शाळेत मीही शिकलो होतो. ते अज्ञान असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. मी चव घेऊन, नोंद करून, कारण देऊन चुकलो.

शैलाने वही परत दिली आणि फराळाचं ताट करायला आत गेली.

आज ती वही समोर घेऊन बसलो की मला माझ्या डोळ्यांचा संशय येतो. आकडे बरोबर आहेत, सगळेच्या सगळे. पण दर अर्ध्या तासाची घट काढून बघा. दोन, अडीच, दीड, अर्धा. शेवटी पाणी उतरायचं जवळजवळ थांबलं होतं. बेतवेचं पाणी असं वागत नाही, हे मला त्याच वेळी दिसलं होतं, आणि मी ते जमिनीच्या उतारावर ढकललं. दुसरी गोष्ट, आदल्या संध्याकाळी त्याच जागी फक्त घोटाभर पाणी होतं. म्हणजे सकाळचं उतरलेलं पाणीसुद्धा संध्याकाळपेक्षा आठ इंचांनी वर होतं. हे मी हिशेबात घेतलं नाही, कारण संध्याकाळी काठी नव्हती, आणि काठीशिवायचं माप मी माप मानत नाही.

पावणेआठला साडेबाराच. सव्वाआठला चौदा.

मी दोनदा पाहिलं. मग काठीची गाठ पाहिली. सुंभ ओला होऊन घसरला असेल. गाठ पक्की होती. मग माझ्या मनात आलं की कोणीतरी काठी खाली दाबली आहे. चिखलात दोन बोटं दाबली तरी इंचभराचा फरक पडतो. मी फराळाला आत गेलो होतो तेवढ्यात वाडीच्या बाजूने कोणाला येता आलं असतं? धाकूला. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण मी खरोखरच बांधाच्या कडेला जाऊन चिखलात पावलं शोधली. पावलं होती. माझीच होती.

मी परत आलो तेव्हा काठीवर सोळा इंच होतं आणि वारा सुटला होता.

झाशीत आंधी येते ती सांगून येते. आधी पश्चिमेचं आभाळ पिवळं होतं, मग धुळीची भिंत दिसते, आपण धावत दारं लावतो, अर्धा तास घर किरकिरतं, आणि मग दातांत वाळू घेऊन आपण बाहेर येतो. वारा म्हणजे दिसणारी वस्तू अशी माझी समजूत होती. तिकडच्या वाऱ्यात धूळच नव्हती. तो मला दिसेना. पोफळी एका अंगाला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या, तेव्हा कळलं की हा किती आहे. समुद्राकडून येत होता, एकसारखा, मध्ये दम न घेता. माडांच्या झावळ्या तुटून वाटेवर पडत होत्या. कौलं एकेक करून खडखडायला लागली. मी दारं लावली, कड्या घातल्या, उंबऱ्याशी गोणपाटं रचली. जोतं काठीच्या तळापासून अडीच फूट वर आहे, अजून चौदा इंच शिल्लक आहेत, असं शैलाला सांगितलं. ती पिशवी परत बाहेर घेऊन आली होती.

दहाच्या सुमाराला पाणी जोत्याच्या वरच्या कडेला लागलं आणि वाडीतून, पोफळींच्या मधून, धाकूची होडी आली. तो वल्हवत नव्हता, बांबूने रेटत होता. ज्या बांधाचा वाद होता तो होडीच्या खाली कुठेतरी बुडाला होता.

मी शैलाला धरून ओट्यावर आणलं आणि घराला कुलूप लावलं. धाकू म्हणाला, कुलूप काढा. मी म्हणालो, का? तो म्हणाला, पुढचं दार उघडा आणि मागचंही उघडा, पाणी यायचं ते येऊन जाऊ दे, अडलं तर भिंत घेऊन जाईल. मी किल्ली मुठीत धरून उभा होतो. कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभा असलेला माणूस आपल्याला लुबाडायला आलेला नाही, एवढं कळायलाही मला वेळ लागत होता.

"दादा, किल्ली," शैला म्हणाली.

तिने माझ्या हातातून ती काढून घेतली. स्वतः कुलूप उघडलं, पोटावर एक हात ठेवून आत गेली, मागच्या दाराची कडी काढली, आणि आली. वारा घरातून आरपार गेला. भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या दाराने बाहेर उडालेलं मी पाहिलं.

होडीत मी धाकूला विचारलं, पाणी तर गोडं आहे, मग चढतं कसं?

तो म्हणाला, "गोडंच असनार. वरचं पानी खाली जायला बघतंय, आन् दारात समुद्र उभा हाय. जानार कुठं?"

मग त्याने मला हिशेब सांगितला. बांबू रेटत, धापा टाकत, लहान मुलाला सांगावं तसा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. आज बीज, दोन तिथी. करा पाऊणपट.

मी पाऊणकी पाठ म्हणू शकतो. झाशीत आमच्या घरात हिंदी शाळेतून आल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी मराठीत म्हणून घेत असत. दोन पाऊण दीड. दुपारी दीड वाजता भरती पूर्ण होणार होती, आणि तीही अवसेनंतरच्या दुसऱ्या दिवसाची, उधाणाची, सगळ्यात मोठी. त्यात समुद्राकडून वारा. त्यात तीन दिवसांचा पाऊस. तिथी मला पंचांगासकट ठाऊक होती, तिच्यासाठी मी दोन दिवस प्रवास करून आलो होतो. पाढा मला येत होता. बीज म्हणजे ओवाळणं एवढंच मी धरून चाललो होतो. तिथल्या माणसांना बीज म्हटलं की पाणी दिसतं.

डोंगराच्या पायथ्याशी धाकूने आम्हाला उतरवलं आणि तो आणखी कोणाला तरी आणायला परत गेला. वर शाळेपर्यंत एकशे अठ्ठावीस पायऱ्या आहेत. आदल्या संध्याकाळी शैला त्या कोरड्या पायांनी, थांबत थांबत चढली असती. आता पायऱ्यांवरून पाणी धावत होतं आणि वारा पाठीवर ढकलत होता. ती तीन वेळा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा पोटाला हात लावून डोळे मिटून राहिली. त्या चार-पाच मिनिटांत मी जगातल्या कुठल्याही देवाला मागायचं शिल्लक ठेवलं नाही. मग ती म्हणाली, हललं, आणि उठली.

दीड वाजता मी शाळेच्या व्हरांड्यातून खाली पाहिलं. घराच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं. ते पुढच्या दाराने आत जाऊन मागच्या दाराने बाहेर येत होतं. घर उभं होतं. खालच्या अंगाच्या एका बंद घराची दर्शनी भिंत आमच्या डोळ्यांदेखत बसली. दोननंतर पाणी उतरू लागलं. रेडिओ खोटं बोलला नव्हता. वादळ दूर उत्तरेकडेच गेलं. आमच्याकडे आली ती त्याची कड.

त्या दुपारी शैलाने मला शाळेच्या बाकावर बसवून ओवाळलं. कोणाच्या तरी डब्याचं झाकण, कोणाचं तरी कुंकू. वात पेटेना, म्हणून तसंच ओवाळलं.

मुलगी, सायली, जानेवारीत झाली, सुखरूप. ते सगळं निभावलं. जे निभावलं नाही ते वेगळंच आहे. चार दिवसांनी रस्ता सुरू झाला आणि मेहुणे आले, तेव्हा चिखल काढत असलेल्या शैलाने त्यांना सांगितलं, दादा होता म्हणून वाचलो. धाकू तिथेच फावडं घेऊन उभा होता. त्याने फावडं परत चिखलात घातलं. मी ते वाक्य खोडलं नाही. तेव्हापासून वीसेक वर्षं ती हे वाक्य सगळ्यांना सांगत आली आहे. तिच्या सासरच्यांना, माझ्या बायकोला, झाशीला आली की तिवारीजींनासुद्धा. दादा होता म्हणून. मी मान खाली घालतो आणि लोक त्याला विनय समजतात.

तिला या वाक्याने कोणाला फसवायचं होतं, लोकांना की स्वतःला, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलो नाही. मला वाचवायला म्हणते असं एक मन सांगतं. दुसरं मन ती वही पुढे करतं. आठ-नऊ महिने ती खाडीच्या काठी राहिलेली होती. रोज खिडकीतून पाणी जाताना-येताना बघत होती. पाण्याचं उतरणं मंदावतं तेव्हा काय होणार, हे तिला दिसलं नसेल? तिने पिशवी दोनदा बांधली होती. वही हातात घेऊन ती इतका वेळ काय वाचत होती?

धाकू दहा वर्षांपूर्वी गेला. त्या दोन माडांवर मेहुण्यांनी नंतर कधी हक्क सांगितला नाही.

या वर्षी भाऊबिजेच्या सकाळी सायलीचा फोन आला. गावातली मुलं शाळेच्या भिंतीवर आजवरच्या पुराच्या खुणा रंगवणार आहेत, आणि मामाने त्या दिवशी काठी लावून पाणी मोजलं होतं हे तिला आईकडून माहीत आहे. मी तिला म्हणालो, आधी एक ऐक. तुझ्या आईला मी वाचवलेलं नाही. मी तिला थांबवून ठेवलं होतं. धाकू आदल्या दिवशी न्यायला आला होता.

ती हसली. "आई म्हणालीच होती, मामा असंच म्हणेल."

मग ती म्हणाली, आकडे सांग. मी वही काढली आणि वेळेसकट वाचायला लागलो. सव्वापाच, एकोणीस. पावणेसहा, सतरा. ती लिहून घेत होती. सव्वासातचा साडेबारा सांगितला तेव्हा तिचं लिहिणं थांबलं. खाडीकाठी वाढलेली मुलगी, तिला पाढाही लागला नाही.

"मामा, ही तर ओहोटी संपत आलेली आहे."

मी हो म्हणालो.

"हे आकडे आईने तेव्हा पाहिले होते?"

मी म्हणालो, मीच दाखवले होते.

ती म्हणाली, विचारू तिला? मी गच्चीत उभा होतो. खाली गल्लीत कोणाच्या तरी घरी बहिणी आल्या होत्या, रिक्षावाल्याशी हुज्जत चालली होती. वीस वर्षं मी हा एक प्रश्न विचारायचा टाळला होता. सायलीला म्हणालो, विचार.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. सायलीने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ फक्त भांड्यांचे आवाज येत होते.

मग शैला म्हणाली, "कळत होतं, दादा. पण तू पाच वेळा मोजलं होतंस."

तिनेच पुढे विचारलं की झाशीत थंडी पडली का. मी म्हणालो, बघून सांगतो, आणि तिथेच उभा राहिलो.